डोळे आले, पाय गेले

१९७१ साली मुंबईत डोळ्यांची साथ आली तेव्हा सुरुवातीला कुणी ती फारशी मनावर घेतली नाही. डोळे येणं आपल्याकडे नवं नव्हतं. पण या साथीचा वेग वेगळा होता. सकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, दुपारपर्यंत पापण्या सुजायच्या, संध्याकाळी दिव्याकडे पाहवत नसे. दुसऱ्या दिवशी आरशात पाहावं तर डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचे लालभडक डाग. एकाचे डोळे आले की एक-दोन दिवसांत घरातल्या सगळ्यांचे आलेच. तेव्हा मुंबईची वस्ती साठ लाखांच्या घरात होती. चाळीतली एक खोली, आठ-दहा माणसं आणि एकच टॉवेल, अशा घरांत साथ आवरणार कशी? लोकांनी गुलाबपाणी घातलं, दुधाच्या घड्या ठेवल्या, काळे चष्मे घेतले. आठवडाभरात डोळे निवळले आणि माणसं कामाला लागली.

साथ आली होती फार लांबून. जून १९६९ मध्ये आफ्रिकेतल्या घाना देशात, आक्रा शहरात, डॉक्टरांना हा नवा नेत्ररोग पहिल्यांदा दिसला. पुढच्याच महिन्यात अपोलो ११ ची माणसं चंद्रावर उतरली. लोकांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली आणि रोगाला ‘अपोलो’ हेच नाव पडलं. १९७० मध्ये इंडोनेशियात जावा बेटावर तो उफाळला, आणि मग आशियाभर फिरला. १९७१ मध्ये कलकत्त्याला पोचला तेव्हा पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, मुक्तियुद्ध पेटलं होतं, म्हणून तिथल्या लोकांनी त्याला ‘जय बांगला’ म्हणायला सुरुवात केली. आजही बंगालमध्ये जुन्या माणसांच्या तोंडी डोळे येण्याला तेच नाव आहे. वैद्यकाच्या पुस्तकात मात्र त्याची नोंद ‘रक्तस्रावी नेत्रदाह’ अशी कोरडी झाली.

इथवरची गोष्ट नेत्रवैद्यांची. पण त्याच सुमाराला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत मेंदू-मज्जाविकारांच्या विभागाकडे वेगळ्याच तक्रारीची माणसं यायला लागली. बहुतेक तरणीताठी, कमावती, त्यातही पुरुष जास्त. आधी कंबरेतून मांडीत उतरणारी तीव्र कळ, कुणाला थोडा ताप. मग एक-दोन दिवसांत पायातलं बळ जायचं. उकिडवं बसलं की उठता येत नसे, जिना चढता येत नसे. एक पाय जास्त लुळा, दुसरा कमी. आमच्याकडे अशा वेळी ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. पण वारं जातं ते शरीराच्या एका बाजूवरून, हात-पाय दोन्ही घेऊन. इथे हात बहुधा शाबूत, दुखणं पायांतच.

डॉक्टरांनी खाटेवर झोपवून तपासलं तेव्हा चित्र आणखी बुचकळ्यात टाकणारं निघालं. गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली तर पाय उडत नव्हता. टाचणी टोचली तर मात्र रुग्णाला ती नीट समजत होती. म्हणजे संवेदना शाबूत आणि हालचाल गेलेली. हे लक्षण पाहिलं की कुणाही डॉक्टरच्या तोंडून एकच शब्द निघेल: पोलिओ. पण पोलिओ हा त्या काळात आपल्याकडे लहान मुलांचा आजार होता. आपल्या दाट वस्त्यांत पोलिओचा विषाणू इतका सर्रास होता की पाच-सहा वर्षांपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो गाठायचा आणि पुढे जन्मभराची प्रतिकारशक्ती देऊन जायचा. तिशीच्या माणसांना एकाएकी पोलिओ, तोही एकाच मोसमात इतक्यांना? दुसरी शंका गिलान-बारे या आजाराची. पण त्यात लुळेपणा दोन्ही पायांत सारखा चढत जातो, आणि मणक्यातून पाणी काढलं तर त्यात प्रथिनं वाढलेली पण पेशी नाहीत असं दिसतं. इथे दोन पायांत फरक होता आणि पाण्यात पेशी भरपूर होत्या. म्हणजे मज्जारज्जूत कुठे तरी दाह चालू होता. कशाने, हे त्या पाण्यातून कळत नव्हतं.

हा तिढा जे. जे. रुग्णालयात सुटला तो एका साध्या विचारपुशीने. विभागाचे प्रमुख होते डॉ. नोशीर होरमसजी वाडिया. जन्म सुरतेचा, १९२५ चा. ग्रँट मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. लंडनला जाऊन त्यांनी सर रसेल ब्रेन यांच्या हाताखाली मज्जाविकारांचं शिक्षण घेतलं आणि पन्नासच्या दशकात परत येऊन आपल्याच कॉलेजात हा विभाग उभा केला. रुग्णाशी बोलताना घाई करायची नाही, गेल्या महिना-दीड महिन्याचा सगळा वृत्तांत काढून घ्यायचा, ही त्या शाळेची शिस्त. लुळेपणाच्या या रुग्णांचा वृत्तांत काढता काढता एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येऊ लागली. पाय जाण्याआधी, कुणाचे आठवड्याभरापूर्वी, कुणाचे दोन-तीन आठवड्यांपूर्वी, कुणाचे त्याहून आधी, डोळे आले होते. रुग्णांनी ते आपण होऊन सांगितलं नसतं. बरे झालेले डोळे आणि आज हलत नसलेला पाय, यांचा एकमेकांशी संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात येणार?

१९७२ मध्ये लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या साप्ताहिकात मुंबईहून दोन टिपणं छापून आली. एक वाडिया, पी. एफ. इराणी आणि सरोष कात्रक यांचं. दुसरं परळच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. एडी भरुचा आणि व्ही. पी. मोंडकर यांचं. नव्या नेत्रदाहाचे मज्जासंस्थेवर होणारे परिणाम, हाच दोघांचा विषय. एकाच शहरातल्या दोन रुग्णालयांना स्वतंत्रपणे एकच गोष्ट दिसली, ही माझ्या मते त्या शोधातली सगळ्यात भक्कम बाजू आहे. १९७३ मध्ये वाडिया आणि सहकाऱ्यांनी सविस्तर लेख लिहिला आणि दुखण्याची जागाही सांगितली: मज्जारज्जूचा कंबरेकडचा भाग आणि तिथून निघणाऱ्या नसांची मुळं. मुळांना सूज आल्याने ती जीवघेणी कळ, आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मेल्याने लुळेपणा. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणून काहींचे पाय सुधारले, काहींच्या मांड्या मात्र वाळून कायमच्या बारीक झाल्या.

यावर एक आक्षेप घेता येत होता, आणि तो अगदी रास्त होता. शहरात घरोघर लोकांचे डोळे आले असतील तर पाय गेलेल्या माणसाचेही आधी आलेले असणारच. एकामागून एक घडलं म्हणून पहिल्याने दुसरं घडवलं असं होत नाही. पुरावा रक्तात शोधायला हवा होता, आणि त्यासाठी तो विषाणू हाती असणं भाग होतं.

तो होता टोकियोत. जपानच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॉ. रेइसाकु कोनो आणि सहकाऱ्यांनी १९७१ च्या साथीतल्या जपानी रुग्णांच्या डोळ्यांतून एक नवा विषाणू वेगळा केला होता. पुढे त्याला एन्टेरोव्हायरस ७० हा क्रमांक मिळाला. पोलिओच्याच घराण्यातला, पण वागणूक निराळी. या घराण्यातले बहुतेक विषाणू आतड्यात राहतात आणि शरीराच्या आतल्या उष्णतेत, ३७ अंश सेल्सिअसला, सुखाने वाढतात. याला मात्र ३३ अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. डोळ्याचं बाहेरचं आवरण सतत हवा लागून शरीरापेक्षा जरा थंडच असतं. पोटात न शिरता त्याने डोळ्यात बस्तान बसवलं त्याचं हे एक कारण. मुंबईच्या रुग्णांचं रक्तजल टोकियोला गेलं आणि तिथे या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं त्यात सापडली. १९७४ मध्ये हा निष्कर्ष अमेरिकेतल्या एका संसर्गरोग-नियतकालिकात छापला गेला. लेखकांच्या यादीत कोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांपाठोपाठ इराणी, कात्रक आणि वाडिया ही नावं आहेत.

कोनो आणि वाडिया यांची वाट आणखी एका आजारावर येऊन मिळत होती, आणि तोही डोळा व मज्जा या दोहोंचा. साठच्या दशकात जपानमध्ये हजारो लोकांना एक गूढ विकार जडला. आधी पोटदुखी आणि जुलाब, मग पायांना मुंग्या, बधिरपणा, चालता न येणं आणि शेवटी काहींची दृष्टी जाणं. याला ‘स्मॉन’ म्हणत. सरकारने १९६९ मध्ये चौकशी मंडळ नेमलं, त्याचे प्रमुख हेच कोनो. लोक संसर्ग समजून भेदरले होते, रुग्णांना वाळीत टाकत होते. उलगडा झाला तो जिभेच्या रंगावरून. काही रुग्णांच्या जिभेवर हिरवट थर दिसे, लघवीही हिरवी होई. त्या हिरव्या पदार्थाचं पृथक्करण केल्यावर ते क्लिओक्विनॉल आणि लोह यांचं संयुग निघालं. क्लिओक्विनॉल म्हणजे जुलाबावरचं औषध. म्हणजे जुलाबासाठी घेतलेली गोळीच नसा आणि डोळे खात होती. सप्टेंबर १९७० मध्ये जपानने त्याची विक्री थांबवली आणि नवे रुग्ण दिसेनासे झाले. रुग्णांची संख्या तोवर दहा हजारांवर गेली होती.

आता आपल्याकडे पाहा. एन्टेरो-व्हायोफॉर्म आणि मेक्साफॉर्म या नावांनी हेच औषध आपल्या औषधाच्या दुकानांत मागाल तेवढं मिळत होतं. प्रवासाला निघताना लोक पिशवीत टाकून नेत. पोट बिघडणं हा ज्या देशात रोजचा प्रकार, तिथे स्मॉनचे रुग्ण जपानपेक्षा जास्त दिसायला हवे होते. वाडियांनी हा प्रश्न गंभीरपणे हाती घेतला, रुग्ण शोधले आणि १९७७ मध्ये मुंबईतली आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. असे रुग्ण इथेही होते, पण थोडे. थोडे आहेत म्हणून नाहीतच असं त्यांनी म्हटलं नाही, आणि जपानमध्ये झालं म्हणून इथेही तसंच असणार असंही धरलं नाही. मला ही निगुतीने केलेली मोजदाद फार मोलाची वाटते.

पण वाडियांचं नाव जगाच्या पुस्तकांत कायमचं राहिलं ते यांपैकी कशानेही नाही. त्याच १९७१ मध्ये, ‘ब्रेन’ या जुन्या प्रतिष्ठित नियतकालिकात, त्यांचा आणि आर. के. स्वामी यांचा एक लेख आला. नऊ कुटुंबांची ती हकीकत होती. या घराण्यांत आजोबांपासून नातवंडांपर्यंत एक आजार उतरत होता. ऐन तारुण्यात तोल जाऊ लागायचा, पाय फाकवून चालावं लागायचं, बोलणं जड व्हायचं, हातातला पेला हिंदकळायचा. अशा माणसाला रस्त्याने चालताना पाहून लोक दारुड्या समजतात. खेड्यात तर ‘त्यांच्या घराण्यालाच शाप आहे’ इथवर गोष्ट जाते. वंशपरंपरेने येणारे असे तोल जाण्याचे आजार युरोपात शंभर वर्षं माहीत होते, त्यांच्या निरनिराळ्या जाती वर्णन केलेल्या होत्या. वाडिया आणि स्वामींना या नऊ घरांत त्यांहून वेगळं काही दिसलं. ते डोळ्यांत होतं.

निरोगी डोळे कसे हलतात ते घरीही पाहता येतं. समोर कुणाला तरी बसवा. आपलं एक बोट त्याच्या डावीकडे, एक उजवीकडे धरा आणि म्हणा, याच्याकडे बघा, आता त्याच्याकडे. बुबुळं एका बोटावरून दुसऱ्यावर टुणकन जातात. मधला प्रवास आपल्याला दिसतच नाही. या उडीचा वेग सेकंदाला चार-पाचशे अंशांपर्यंत जातो. वाचताना आपण ओळीवरून नजर घरंगळत नेत नाही, अशाच छोट्या छोट्या उड्या घेतो. त्या नऊ घरांतल्या रुग्णांचे डोळे उडी घेत नव्हते. डावीकडून उजवीकडे ते सरकत जायचे, संथ, वाटेत कुठेही बोट ठेवून दाखवता येईल असे. काही जण ही अडचण मान झटकून भागवत, कुणी नजर वळवताना पापणी मिटून घेई. पाहणाऱ्याला वाटे, माणूस टक लावून बघतो आहे.

विशेष म्हणजे रुग्णाची याबद्दल तक्रार नसते. त्याला नीट दिसतं. नेत्रवैद्याच्या तक्त्यावरची अक्षरंही तो वाचून दाखवतो. डोळे हलवणारे स्नायूही धड असतात. बिघाड असतो तो मेंदूच्या बुंध्यात, सेतू नावाच्या भागात. तिथे काही चेतापेशी एकदम जोराने ठिणग्या सोडतात आणि त्या धक्क्याने डोळा उडी घेतो. त्या पेशी झिजल्या की डोळा जातो खरा, पण रांगत.

या लेखाने दूरच्या लोकांनाही कामाला लावलं. अमेरिकेत डेव्हिड झी, डेव्हिड रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अशाच संथ डोळ्यांच्या रुग्णांवर एक देखणा प्रयोग केला. तोवर समज असा होता की डोळ्याची उडी एकदा सुटली की मध्ये वळवता येत नाही. बंदुकीच्या गोळीसारखीच. निरोगी माणसात उडी इतक्या लवकर संपते की याची खातरजमा करणंच अशक्य. पण या रुग्णांचा डोळा अर्ध्या वाटेत असताना समोरचा ठिपका हलवता येत होता. त्यांनी तो हलवला, आणि डोळा अर्ध्यातूनच वळला. म्हणजे मेंदू डोळ्याच्या वाटेवर प्रत्येक क्षणी लक्ष ठेवून असतो. आजारी माणसाच्या संथ नजरेने निरोगी नजरेचं रहस्य सांगितलं.

पुढचा टप्पा क्यूबातल्या ओल्गीन प्रांतातला. तिथे हाच आजार शेकडो लोकांना होता आणि त्यांच्या रक्तावरून १९९३ मध्ये दोषाची जागा बाराव्या गुणसूत्रावर पक्की झाली. १९९६ मध्ये जनुक हाती लागला. त्यात ‘सीएजी’ ही तीन अक्षरी जोडणी निरोगी माणसात बहुधा बावीस वेळा येते. ती तेहतीसच्या पुढे गेली की आजार, आणि बापाकडून मुलाकडे जाताना ती आणखी लांबू शकते, म्हणून पुढच्या पिढीला तो लवकर गाठतो. या आजाराला आता ‘एससीए-२’ म्हणतात. १९९८ मध्ये वाडियांनी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, सहा भारतीय घराण्यांची जनुकतपासणी आणि वंशावळी ‘ब्रेन’मध्येच मांडल्या. संथ डोळे पाहून केलेलं निदान आणि रक्ताच्या तपासणीतलं निदान यांचा मेळ बसला. सत्तावीस वर्षांपूर्वी नुसत्या निरखण्यातून जे वेगळं काढलं होतं ते खरोखरच वेगळं होतं. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की १९७१ मध्ये तो लेख निघाला त्याच वर्षी १ ऑक्टोबरला लंडनमध्ये जगातल्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. मुंबईत वाडियांच्या हाताशी तेव्हा हातोडी, टाचणी, विजेरी आणि दोन बोटं होती. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २०१६ मध्ये ते गेले.

या सगळ्यात आमचं हिंगोली कुठे? १९७१ मध्ये हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला १ मे १९९९ ला. डोळे येऊन गेल्यावर ज्याचा पाय लुळा पडला असता अशा माणसाने त्या काळी मुंबई गाठायची तर मीटर गेजच्या गाडीने पूर्णेला जायचं, तिथून मनमाड, मनमाडला गाडी बदलून मग पुढे. लुळ्या पायाने. मराठवाड्यातलं एकमेव सरकारी वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादला होतं, तेही १९५६ मधलं. साथीच्या पुढच्या वर्षी, ७२ च्या दुष्काळात, याच भागातली कितीतरी माणसं पोटासाठी मुंबईला गेली आणि त्याच चाळी-झोपडपट्ट्यांत राहिली. मज्जाविकाराच्या तज्ज्ञापर्यंत पोचणं हा आमच्याकडे तेव्हा नशिबाचा भाग होता. वाडियांनी नोंदलेले रुग्ण हे पोचलेले रुग्ण होते. कुठल्याही साथीचा इतिहास अशाच पोचलेल्यांवरून लिहिला जातो, हे वाचताना विसरता कामा नये.

मुंबईत ही साथ दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, परत आली आणि तोच लुळेपणा पुन्हा दिसला. या वेळी डॉक्टर तयार होते. पहिल्या दिवसापासून डोळ्यांची चौकशी झाली, रक्त तपासलं गेलं, १९८३ मध्ये दोन मोठे लेख निघाले आणि शंकेला जागा उरली नाही. त्यानंतर एन्टेरोव्हायरस ७० हळूहळू मागे पडला. डोळ्यांच्या साथी येतच राहिल्या, अगदी २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर पसरलेल्या साथीपर्यंत, पण बहुतेकदा दुसऱ्या विषाणूंच्या, आणि पाय न घेणाऱ्या. तरी याचा सख्खा भाऊ जिवंत आहे. एन्टेरोव्हायरस डी-६८ त्याच प्रजातीतला. २०१४ मध्ये त्याच्या साथीच्या काळात अमेरिकेत सर्दी-खोकल्यानंतर मुलांचे हातपाय लुळे पडल्याच्या घटना घडल्या आणि तिथल्या डॉक्टरांपुढे मुंबईच्या डॉक्टरांसारखाच पेच उभा राहिला.

आपल्याकडे लुळेपणावर नजर ठेवणारी यंत्रणा आहे, ती पोलिओच्या लढाईने दिलेली. पंधरा वर्षांखालच्या मुलाच्या हातापायातलं बळ एकाएकी गेलं की गावच्या आरोग्यसेविकेपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळ्यांनी कळवायचं, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे, तेही चौदा दिवसांच्या आत. याच जाळ्यामुळे २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त ठरला. पण १९७१ चे रुग्ण बहुतेक प्रौढ होते, आणि त्यांचा विषाणू शोधायची जागा होती डोळा. आजच्या नियमांत तसा माणूस सहज निसटेल. २०२४ मध्ये हिंगोलीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथल्या केसपेपरवर लुळेपणाच्या प्रत्येक रुग्णासाठी, वय कितीही असो, दोन ओळी छापलेल्या असाव्यात असं मला मनापासून वाटतं: गेल्या दोन महिन्यांत डोळे आले होते का, आणि घरात आणखी कुणाचे आले होते.